देवीला काय विचारलं ते मला आठवत नाही

माझ्या डोक्यात धुकं भरलंय, असं मी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कधीपासून?" आणि मला तेही आठवेना. त्या बाई हसल्या नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. मी असते तर हसले असते. हे धुकं कसं असतं ते सांगणं कठीण आहे, कारण सांगायला लागलं की शब्दच सापडत नाहीत. गॅस पेटवून मी ओट्याशी उभी राहते आणि चहासाठी पेटवला की भातासाठी, ते कळत नाही. समोरचा माणूस बोलतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, पण अर्थ माझ्यापर्यंत उशिरा पोचतो, आणि तोवर तो पुढच्या विषयावर गेलेला असतो. दुःख असं नसतं त्यात. दुःख मला चांगलं ओळखता येतं. यात नुसतं पांढरं, ओलसर, रिकामं काहीतरी असतं आणि मी त्याच्या आत कुठेतरी असते.

माझ्या आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. हे नाव मिळायलाच माझी तिशी उलटली. त्याआधी मला फक्त 'तापट' आणि 'हट्टी' म्हणायचे, आणि आई कधीकधी 'दिष्ट लागली' म्हणायची. एखादं माणूस मला आवडलं की मी त्याच्यासाठी जीव टाकते, आणि त्याने फोन उचलला नाही की त्याचं तोंड बघायची इच्छा उरत नाही. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं. मधलं काही मला जमत नाही. नावं ठेवायला मी स्वतःपासूनच सुरुवात करते आणि तिथे मला थांबता येत नाही. दोन वर्षांपूर्वी बरं वाटतंय म्हणून मी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या होत्या. महिना-दीड महिन्यात कामावरच्या दोघींशी, मावशीशी आणि आईशी माझं भांडण झालं, आणि एका दुपारी आता जगायचं नाही असं मी ठरवलं. आई बाजारातून लवकर परत आली म्हणून मी आज हे लिहिते आहे. हॉस्पिटलात अकरा दिवस होते. त्या दुपारबद्दल यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

त्यानंतर उपचार मनापासून घेतले. दर शनिवारी मालाडला समुपदेशक बाईंकडे जायचं, दिलेला अभ्यास वहीत लिहायचा, राग चढला की थंड पाणी तोंडावर मारायचं, आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या. वादळं खरंच कमी झाली. धुकं मात्र गेलं नाही, उलट वादळं ओसरल्यावर ते जास्तच दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, थोडं आजाराचं असतं, थोडं झोपेचं, थोडं औषधाचं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक निघाल्या. "काही महिने स्थिर राहा, मग एक गोळी हळूहळू कमी करून बघू," त्या म्हणाल्या. "पण मनाने बंद करायच्या नाहीत. एवढं एकच वचन द्या मला." मी दिलं. वचनं देताना मला काही वाटत नाही, ती पाळताना वाटतं.

मी बोरिवलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळ्यांवर पेशंटच्या नावाची लेबलं लावणं हे माझं काम होतं. काम क्षुल्लक वाटेल, पण ते माझं होतं. बारा वर्षं मी ते केलं होतं आणि एकही लेबल चुकलं नव्हतं. गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या हातून दोन नळ्यांची लेबलं उलटसुलट लागली. एक नळी म्हाताऱ्या आजोबांची, एक गरोदर मुलीची. मशीनला लावायच्या आधी टेक्निशियनच्या लक्षात आलं, म्हणून पुढचं टळलं. मोठ्या मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर रिपोर्ट द्यायला बसवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण मग मला त्यांचा राग करता आला असता. तसं न होता मी पाकिटं वाटत बसले आणि मनात एकच विचार घट्ट होत गेला. वादळात मी निदान शुद्धीवर होते. या गोळ्यांनी मला जिवंत ठेवलं, पण माझं डोकं घेतलं. मग ठेवलंय काय?

म्हणजे प्रश्न उघड होता. गोळ्या बंद केल्या तर काय होतं ते मला माहीत होतं. चालू ठेवल्या तर काय होतं तेही दिसत होतं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांचं उत्तर पाठ होतं. आईला विचारण्याची सोय नव्हती, कारण गोळ्यांचं नाव काढलं तरी तिचा चेहरा उतरायचा. तेव्हा मी ठरवलं की देवीला विचारायचं. आता इथे खरं सांगितलं पाहिजे. देवीशी माझं नातं इतर सगळ्यांशी होतं तसंच होतं. परीक्षेआधी मी तिच्यासाठी उपास केले होते आणि हॉस्पिटलातून आल्यावर तिचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आईने तो सरळ केला. भक्त म्हणवून घ्यायला मला तोंड नव्हतं, पण दुसरं कोणी उरलंही नव्हतं.

आमच्या कोकणातल्या गावची माणसं एकेकाळी गिरण्यांत होती. पुढे उपनगरांत पांगली, तेव्हा त्यांनी मालाडला चाळींच्या मधे गावच्या देवीचं एक छोटं देऊळ बांधलं. आता चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, तरी देऊळ तेवढंच आहे. मंगळवारी सकाळी तिथे कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या आजीच्या पिढीने लग्नं, जमिनी आणि शस्त्रक्रियासुद्धा या पाकळ्यांवर ठरवल्या. मी विज्ञानाच्या जागी काम करणारी बाई, हे सगळं पोरकटपणाचं वाटायचं मला. पण त्या आठवड्यात मला कुणीतरी एकदाच स्पष्ट हो किंवा नाही म्हणायला हवं होतं.

मंगळवारी रजा टाकली. कौल घ्यायला उपाशीपोटी जायचं असतं, म्हणून काही खाल्लं नाही, आणि उपाशीपोटी गोळी नको या सबबीवर सकाळची गोळीही घेतली नाही. पाकीट पर्समध्ये टाकलं. चारकोपहून बसमध्ये बसले आणि प्रश्न घोळवायला लागले. आधी ठरवलं, 'गोळ्या बंद करू का?' असं विचारायचं. मग वाटलं, हे म्हणजे मला हवं ते देवीच्या तोंडून वदवून घेणं झालं. म्हणून उलटं ठरवलं, 'गोळ्या चालू ठेवू का?' महावीरनगर येईपर्यंत वाटलं की यात भित्रेपणा आहे. परत पहिलं. मग परत दुसरं. एवढ्याशा प्रश्नाने मी इतकी दमले की मालाडला उतरताना माझे पाय जड झाले होते.

देवळात पंधरा-वीस माणसं रांगेत होती. गुरवकाका सत्तरीचे, बारीक, कपाळावर गंध, डोळ्यांवर जाड चष्मा. बहुतेक लोक आपला प्रश्न मोठ्याने सांगत होते. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या गावच्या घराचा वाद. मोठ्याने सांगितलं की काका तो देवीला समजावून सांगत आणि सगळ्यांना कळे. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मोठ्यान सांगतंस काय मनात धरतंस?"

"मनात," मी म्हटलं. इतक्या ओळखीच्या आडनावांसमोर मी वेडाच्या गोळ्यांचं काय बोलणार होते!

"बरा. नीट धर मगे," काका म्हणाले आणि त्यांनी पाकळ्या लावल्या.

मी डोळे मिटून मनात प्रश्न विचारला. विचारला, एवढं नक्की. मग डोळे उघडून पाकळ्यांकडे बघत उभी राहिले. पाकळ्या लगेच पडत नाहीत. काका पुटपुटत होते, समईची ज्योत हलत होती, कुणीतरी मागे खोकलं. मी ज्योतीकडे बघत राहिले आणि हळूहळू ते पांढरं आत उतरलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी तिथे होते, पण घरात दिवा चालू असून माणूस नसावं तशी होते.

"उजवो! दिल्यान गो आवशीन!" काकांचा आवाज आला आणि मी दचकले. उजवी पाकळी देवीच्या पायाशी पडली होती. मागच्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले. काकांनी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो तुकडा हातात घेऊन मी बाजूला सरकले. देवीने हो म्हटलं होतं. कशाला हो, ते मला आठवत नव्हतं.

मी खांबाला टेकून उभी राहिले आणि प्रश्न शोधत राहिले. बंद करू का? चालू ठेवू का? दोन्ही वाक्यं माझ्या ओठांवर सारखीच ओळखीची वाटत होती. मी देवीकडे तोंड करून पहिलं म्हणून पाहिलं, मग दुसरं. काही उपयोग झाला नाही. मग राग आला, तो जुना, ओळखीचा राग. या देवीला हीच वेळ सापडली का धुकं पाठवायला? आयुष्यात एकदा विचारलं आणि त्याची ही वाट लावली. मी रांग मोडून पुढे गेले.

"काका, परत लावा. मी विसरले."

"काय इसारलंस? पाकळी उजवी पडली ती?"

"ते नाही. मी काय विचारलं तेच विसरले."

रांगेतली एक बाई फिसकन हसली. काका हसले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "परत नाय लावूचो. एका दिसात एकच गोष्ट दोनदा इचारूची नसता. दिल्यान तां दिल्यान."

"अहो पण कशाला हो म्हणाली ती, तेच मला माहीत नाही!" माझा आवाज चढला होता. "गोळ्या बंद करू की चालू ठेवू, डोक्याच्या गोळ्या! बंद केल्या तर मी मरेन आणि चालू ठेवल्या तर मी अशीच राहीन, असं काहीतरी विचारलं होतं मी. कसं विचारलं ते आठवत नाही. मला काहीच आठवत नाही हो."

जे मी बारा वर्षं कामावर लपवलं, नातेवाइकांत लपवलं, ते गावच्या माणसांसमोर ओरडून सांगितलं होतं. मला पळून जायचं होतं. काका जागेवरून उठले. त्यांनी मला सल्ला दिला नाही, औषध कसलं म्हणून विचारलं नाही. माझा दंड धरून त्यांनी मला देवीसमोर उभं केलं, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"हे आई माउली, आज ह्या तुझा चेडू तुझ्या पायाशी इला हा."

"व्हय म्हाराजा!" रांगेतले लोक म्हणाले. चेडू म्हणजे लेक. आमच्याकडे गाऱ्हाणं एकाने घालायचं असतं आणि होकार सगळ्यांनी द्यायचा असतो.

"तेच्या डोक्यात धुक्या भरला हा. काय इचारूचा तां तेका सुचत नाय."

"व्हय म्हाराजा!"

"तेका सुचत नाय, तर तुका सुचू दे. तेची जी काय इडापिडा आसात ती दूर कर, आणि आज तेका घराकडे सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा!"

मघाशी हसलेली बाईसुद्धा म्हणत होती. मी लहानपणापासून अशी गाऱ्हाणी ऐकली आहेत, पण स्वतःसाठी कधी ऐकलं नव्हतं. आई दरवर्षी माझ्या लग्नाचं गाऱ्हाणं घालायला लावायची, ते मी धरत नाही. माझं खरं दुखणं देवीसमोर पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने मांडलं होतं, आणि त्यासाठी मला स्वतःला काहीही करावं लागलं नव्हतं, नीट प्रार्थनासुद्धा. धुक्या भरला हा, एवढे साधे शब्द. मला रडू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. धुक्यात रडूही येत नाही, हे मी सांगायला विसरले होते.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. मागोमाग ती हसणारी बाई आली. पन्नाशीची, हिरवी साडी, हातात पाण्याची स्टीलची बाटली. तिला मी ओळखत नव्हते आणि तिने माझं नावही विचारलं नाही. "ए, सॉरी हां. मगाशी मी हसले," ती म्हणाली आणि शेजारी बसली. "आजची घेतलीस का?"

"काय?"

"गोळी गं. आजची घेतलीस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने पर्सकडे बोट दाखवलं. "आहे ना आत? मग घे ना. हातात खोबरं आहे ते खा आधी. मीपण शुगरची विसरते, सून ओरडते माझी. देवीने काय सांगितलं ते देवीला माहीत. तू आजचं बघ. उद्या काय भांडायचं ते भांड तिच्याशी." आणि बाटलीचं झाकण उघडून तिने माझ्यापुढे धरली.

मी खोबरं खाल्लं आणि गोळी घेतली. यात श्रद्धा होती असं म्हणणार नाही. बाटली उघडी होती आणि ती बाई थांबली होती. मी पाणी प्यायले तशी ती उठली, "चल, माझा नंबर जाईल," म्हणत आत गेली. मी नंतर कितीतरी मंगळवारी गेले, ती परत दिसली नाही. रोज येणाऱ्या बायकांना विचारलं, कुणालाच नीट आठवेना. कुठून तरी आली असेल. सांताक्रूझला भाचीकडे जाता जाता उतरलेली कुणीतरी असेल. मी त्याचा फार विचार करत नाही. एवढंच म्हणते की त्या सकाळी ती गोळी मी स्वतःहून घेतली नसती. ती सुटली असती तर दुसऱ्या दिवशीची सुटली असती, आणि पुढचं मला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मला सुचल्याशिवाय राहिली नाही, आणि ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मी स्वतःला ओळखते. बहुतेक मी 'बंद करू का?' असंच विचारलं असणार. उजवी पाकळी पडली. प्रश्न आठवत असता तर मी त्या पाकळीचा आधार घेऊन घरी जाऊन सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या असत्या, आणि देवीचा कौल म्हणून कुणालाही जुमानलं नसतं. ज्या धुक्याची तक्रार घेऊन मी गेले होते, त्यानेच तो प्रश्न माझ्याकडून काढून घेतला. हे देवीने केलं की आजाराने, हे मला ठरवता येत नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. मी कौलाला गेल्याचं तिला माहीत होतं, कशासाठी ते माहीत नव्हतं. तिने मान वर न करता विचारलं, "काय दिल्यान?"

खोटं सांगायची ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं. लेबलांचं, प्रश्न बदलल्याचं, विसरल्याचं, गाऱ्हाण्याचं. ती रडेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. ती देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "तू हॉस्पिटलात होतंस तेवा मीपण गेल्लंय कौल लावूक."

मला हे माहीत नव्हतं. "काय विचारलंस?"

"काय इचारतलंय? चेडू वाचात काय, तां."

"मग?"

"पाकळी पडाकच नाय. धा वाजले, साडेधा वाजले. दोनूय थयच. गुरव म्हणालो, बसा अजून थोडा वेळ. मी म्हटलंय, माका बसाक वेळ नाय. अकराक भेटूक सोडतत. चेडवाचो डबो देवचो आसा."

"आणि?"

"आणि काय? उठलंय आणि इलंय."

मला ती सकाळ आठवली. धुक्यातही काही गोष्टी स्पष्ट दिसतात, आणि नेमक्या त्या, ज्या दिसायला नको असतात. ती डबा घेऊन कॉटशी उभी होती. मी तोंड फिरवून म्हटलं होतं, "कशाला येतेस रोज? मला नकोय काही." डबा तसाच परत पाठवला होता. देवीने तिला हो म्हटलं नव्हतं आणि मीही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती पुन्हा डबा घेऊन आली होती, तिसऱ्या दिवशीही. मी तिच्याजवळ ओट्याशी गेले आणि तिच्यापुढची कोथिंबीर निवडायला लागले. ती म्हणाली, "मुळां वेगळी काढ."

यानंतर फार काही बदललं असं नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना चुकवलेल्या गोळीसकट सगळं सांगितलं. चार महिन्यांनी त्यांनी एक गोळी थोडीशी कमी केली. धुकं काही दिवस विरळ असतं, काही दिवस दाट. मी अजून काउंटरवरच आहे, लेबलं दुसरी मुलगी लावते, आणि तिला ती लावताना बघून अजून माझ्या छातीत दुखतं. पण जे माणूस उत्तर न मिळताही उठून निघतं, त्याच्या घरात मी जन्मले आणि त्याच्याच हातचं जेवून वाचले, याबद्दल देवीचे उपकार मानायला मला प्रश्न आठवण्याची गरज पडत नाही. रोज सकाळी मी गोळी हातात घेते, फोटोकडे बघून नमस्कार करते, पाणी पिते. तिला काही विचारत नाही.